बालवाडीखालचं तेल

१

शाळा पुन्हा उघडून आठवडासुद्धा झाला नव्हता आणि बालवाडीतली पोरं एकामागून एक ओकायला लागली. ओलिंकाला निरोप आला तो तिच्या स्वतःच्या लेकीबद्दलचा. ती तशीच धावत सुटली. सहा वर्षांची पारस्का दाराशेजारच्या बाकावर पार्का, टोपीचा जाड कोट, घालून बसली होती. ओठ पांढरेफटक, डोकं भिंतीला टेकवलेलं.

"डोकं दुखतंय?"

पारस्कानं नुसत्या भुवया उंचावल्या. कुइचुक या उत्तरेकडच्या आदिवासी गावात हो म्हणायला तोंड उघडावं लागत नाही. भुवया वर गेल्या की झालं.

"फ्लू आहे," मुख्याध्यापक गार्नर मागून म्हणाले. "दर जानेवारीत येतो. घाबरण्यासारखं काही नाही."

"फ्लूला डिझेलचा वास कधीपासून यायला लागला?"

ओलिंका बालवाडीच्या खोलीत शिरली. खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीखाली उतरायच्या झडपेवर, गोष्टींच्या पुस्तकांची खोकी रचून ठेवली होती. इतकी नीट रचलेली खोकी या शाळेत तिनं कधी पाहिली नव्हती. तिनं ती लाथेनं बाजूला सारली, गालिचा ओढला, झडप उचलली आणि नाकाला पार्काची बाही लावून मागे सरली. खालून वास नव्हता येत, भपकाराच येत होता.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या घटकेला कळलं. या शाळेची तेलाची टाकी वर्षानुवर्षं गळत होती. शाळाखात्याला ठाऊक होतं आणि खातं कानांवर हात ठेवून बसलं होतं. इमारतीखालची माती तेल पिऊन काळी झाली, जमिनीतलं पाणी नासलं, तेव्हा कुठे शाळा बंद करून सफाई सुरू झाली. टाकी निघाली, भोवतीची माती खणून गावाबाहेर ताडपत्रीवर पसरली, आणि इमारतीखालचं तेल ओढायला पंप बसले. पाणी तपासायला शाळेभोवती मनगटाएवढ्या जाडीच्या नळ्यांच्या विहिरी पाडल्या. त्या विहिरींचे नमुने लागोपाठ स्वच्छ आले, म्हणून पंप काढून नेले आणि शाळा उघडली. कागदावर सगळं लख्ख होतं. पोरं मात्र त्या कागदाच्या वर बसून ओकत होती.

"हे पाणी स्वच्छ आहे?" तिनं गार्नरना विचारलं.

"अहवाल तसं म्हणतो."

"मग अहवालच खोटा आहे. आणि तो कुणी खोटा केला हे मी शोधून काढणार आहे."

२

ओलिंका गावच्या परिषदेची पर्यावरण अधिकारी होती. नाव मोठं, खोली एक, खुर्ची डुगडुगती. फेअरबँक्सला जाऊन शिकून ती परत आली तेव्हा मामानंच तिला त्या खुर्चीवर बसवलं होतं. मामा म्हणजे निकिफर, परिषदेचा अध्यक्ष. आई गेल्यावर तिला वाढवलं ते यानंच.

त्याच दिवशी, सोमवारी, तिनं बैठक बोलावली. खोलीत चौघं होती. ती स्वतः, निकिफरमामा, गार्नर, आणि नळाच्या पाण्याचा कारखाना सांभाळणारा इव्हॉन. विहिरींच्या टोपणांच्या किल्ल्या इव्हॉनकडे खिळ्याला टांगलेल्या असत, कुणीही हात घालून घ्याव्यात अशा. फोनवर होता ब्रेंट, अँकरेजहून विमानानं येऊन नमुने घेऊन जाणारा सफाई कंपनीचा माणूस.

"उद्याच्या विमानानं ये आणि पुन्हा नमुने घे," तिनं फोनमध्ये सुनावलं. "आणि ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये. गाव आधीच तापलंय."

"पुन्हा नमुने कशाला?" निकिफर हळूच म्हणाला. "फ्लू असेल. गार्नर सांगतायत ना."

"मामा, तुम्ही झडपेपाशी येऊन वास घ्या. मग सांगा."

निकिफर टेबलाकडे बघत राहिला. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि गार्नरनी ती बोलून दाखवली. "एक लक्षात घ्या. नमुने वाईट आले तर खातं शाळा कायमची बंद करील. सभागृहात वर्ग भरवायची परवानगी संपली आहे. मुलांना विमानानं मोठ्या गावच्या वसतिगृहात जावं लागेल."

"किती वर्षांपासूनच्या मुलांना?" इव्हॉननं विचारलं.

"सगळ्यांना. बालवाडीपासून."

ओलिंकाला वाटलं, हा माणूस हवामान सांगावं तसं हे सांगतोय. वर्ष संपलं की हा आपल्या गावी निघून जाणार. पारस्काला मात्र सहाव्या वर्षी विमानात बसवून अनोळखी खाटेवर झोपवणार. नाहीतर तेलावर बसवणार. यांनी आम्हाला निवड दिली ती ही.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी, विमान यायच्या आधी, ती विहिरींकडे निघाली होती तोच मोक्सी म्हातारा खोलीत शिरला. मोक्सीला रोज कसली ना कसली तक्रार असे.

"तुझ्या मामाला झालंय काय?" त्यानं बसायच्या आधीच सुरुवात केली. "सकाळपासून त्याच्या वाफघराच्या धुराड्यातनं धूर निघतोय. मी टॉवेल घेऊन वाट बघत बसलो. हाक नाही की निरोप नाही! शेवटी मीच गेलो, तर म्हणतो, आज न्हाणं नाही, घरी जा. सत्तर वर्षांत मला कुणी पेटलेल्या वाफघराच्या दारातनं परत पाठवलं नव्हतं."

"अध्यक्ष आहेत ते. डोक्याला ताप असेल काही."

"मग वाफघर कशाला तापवायचं? डोकं तापलेलं पुरे झालं असतं!" मोक्सी कुरकुरत स्टोव्हजवळ बसला. ओलिंकानं त्याचा कप भरून दिला आणि ती बाहेर पडली.

शाळेमागची विहीर तिनं इव्हॉनकडच्या किल्लीनं उघडली. वरची जमीन दगडासारखी गोठलेली होती. पाणी तिच्या बरंच खाली, गारठा पोचत नाही तिथे असे. तिनं दोरीला बांधलेला लांबट पोहरा खाली सोडला आणि वर ओढला. पाणी नितळ. नाकाशी नेलं, वास नाही. तिचा स्वतःवर विश्वास बसेना. दोरी धरायला तिनं हातमोजा काढला होता, ओंजळीत पाणी घेतलं, आणि तरी बोटं बधिर झाली नाहीत. पाण्यात गवताची एक बारीक तपकिरी काडी होती. ती तिनं वैतागून झटकून टाकली.

ते पाणी तिनं बाटलीत भरून ठेवलं. मग, आता हात घातलाच आहे तर बघू, म्हणून ती उपसतच राहिली. पोहऱ्यामागून पोहरा. आणि पाण्यानं रंग बदलला. आधी तांबूस गढूळ, मग थेट गंजासारखं. बोटं एकदम बर्फ झाली. वर इंद्रधनुष्याचा तवंग आला आणि बालवाडीतला तोच भपकारा विहिरीच्या तोंडातून बाहेर पडला.

ती बर्फात गुडघ्यांवर बसली. म्हणजे तेल होतं, तिथेच होतं. कुणीतरी वरून विहिरीत स्वच्छ पाणी ओतलं होतं. आणि ते जुनं नव्हतं. ओतलेलं पाणी मातीत झिरपून जातं, दिवसभरसुद्धा टिकत नाही. नमुने पुन्हा घेणार हे काल फक्त त्या खोलीत बोललं गेलं होतं.

आणि ब्रेंटचं विमान अजून आलंच नव्हतं.

४

ब्रेंट उतरला तेव्हा धावपट्टीवर अर्धं गाव जमलेलं. बातमी खोलीबाहेर गेली नव्हती, पण विमानातून कोण उतरतं हे बघायला गावाला बातमी लागत नाही. "हाच तो! यानंच बाटल्या बदलल्या!" मोक्सी ओरडला. ओलिंकानं ब्रेंटला दंडाला धरून आपल्या खोलीत आणलं आणि दार लावून घेतलं.

"विहीर उपसल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही, हे तुला शिकवलंय की नाही?"

ब्रेंट लाल झाला. "शिकवलंय."

"मग उपसतोस?"

"हे बघ, ओलिंका, पायलट इंजिन चालू ठेवून उभा असतो. हवा बिघडली तर आठवडा अडकायला होतं. पहिला पोहरा काढतो, बाटली भरतो. पाणी तर स्वच्छच यायचं, मग..."

"स्वच्छ यायचं कारण ते जमिनीतलं नव्हतंच! साचलेलं पाणी काढून टाकलं असतंस तर पहिल्याच खेपेला कळलं असतं. तुला विमानाची घाई, आणि माझी पोरगी ओकतेय!"

"मी पाणी ओतलं नाही," ब्रेंट पुटपुटला. "शपथेवर सांगतो. तुमच्या अध्यक्षांना विचारा. दर वेळी तेच मला त्या बर्फावरच्या गाडीवर, स्नोमशीनवर, घेऊन येतात, बाटल्या तेच धरतात."

हे त्यानं साक्षीदार म्हणून सांगितलं होतं आणि ओलिंकानंही ते तसंच ऐकलं. ओतणारा तो नव्हता, हे तिला पटलं होतं. पण आळशीपणाला शिक्षा असती तर तिनं त्याला त्याच विहिरीत उलटा टांगला असता.

तिथून ती तडक शाळेत गेली. गार्नर खिडक्या उघडून बसले होते. बाहेर तोंड बधिर करणारी थंडी, आणि हे खिडक्या उघडून!

"ती खोकी झडपेवर कुणी ठेवली?"

"जागा नव्हती म्हणून..."

"गार्नर, मी अडाणी नाही."

गार्नरनी चष्मा काढला. "वास येत होता. पहिल्या दिवसापासून. मी खात्याला कळवलं. उत्तर आलं, अहवाल स्वच्छ आहे, तेव्हा खोली स्वच्छ आहे. खोकी ठेवा, हवा खेळती ठेवा."

"आणि तुम्ही पोरांना तिथेच बसवलंत. वर मला फ्लू सांगितलात!"

"मला नोकरी टिकवायची आहे. पण विहिरीला मी हात लावलेला नाही."

गार्नरच्या टेबलामागे दुकानातल्या पाण्याच्या बाटल्यांची चळत होती. विमानानं येणारं पाणी. नळाचंही पाणी हा माणूस पीत नसे. ओलिंकाच्या नजरेत तो खोटारडा होता, भित्रा होता. गुन्हेगारही ठरला असता तर तिला फार बरं वाटलं असतं. पण नुसतं बरं वाटून भागत नव्हतं. ओतलेल्या पाण्याची बाटली अजून तिच्या खिशात होती, आणि पाण्याला विचारता येतं.

५

इव्हॉनचा कारखाना म्हणजे नदीचं पाणी ओढून, गाळून, क्लोरीन घालून नळांना सोडायची एक खोली. ओलिंका आत शिरली तसा तो हात वर करून उभा राहिला.

"किल्ल्या माझ्याकडे, पाणी माझ्याकडे. म्हणजे चोर मीच, होय ना?"

"गप. क्लोरीनची पट्टी काढ."

इव्हॉननं पट्टी बाटलीत बुडवली. तिचा रंग बदलायला हवा होता, ती पांढरीच राहिली. त्यानं सुटकेचा श्वास सोडला. "माझं पाणी नव्हे हे. माझं असतं तर आत्तापर्यंत जांभळी झाली असती. मोक्सी तर म्हणतो माझ्या पाण्यानं चहाला इस्पितळाचा वास येतो."

"शाळेतही तुझंच पाणी येतं?"

"सगळीकडे माझंच. शाळा, दवाखाना, दुकान."

मग शाळेच्या नळाचंही नाही. ओलिंकानं पाण्यातले क्षार मोजायचं यंत्र मागितलं. इव्हॉननं ते आधी नदीच्या पाण्यात बुडवलं. आकडा वर गेला. नंतर तिच्या बाटलीत बुडवलं. आकडा जागचा हलेना. त्यानं यंत्रावर टिचकी मारली, पुन्हा बुडवलं. तेच.

"यात काहीच नाही," तो चक्रावून म्हणाला. "ना क्षार, ना लोखंड. नदीचंही नव्हे हे."

"बर्फ वितळवला असेल? बाहेरचा?"

"गावातला? स्टोव्हची काजळी, कुत्र्यांचे केस, स्नोमशीनचा धूर, काय नसतं त्यात? खाली मूठभर गाळ बसला असता. हे तर..." त्याला शब्द सापडेना. "हे तर फारच चांगलं पाणी आहे."

फारच चांगलं पाणी. ते शब्द घेऊन ओलिंका घरी आली. पारस्का झोपली होती, श्वास जड होता. ओलिंकानं चहा ठेवला. बाहेरच्या पेटीतून तळ्याच्या बर्फाची लादी फोडून तुकडे किटलीत टाकले. चहाला नळाचं पाणी गावात कुणी वापरत नसे. टुंड्रावरच्या तळ्यातून कापून आणलेला निळसर बर्फच लागे. तुकडे वितळले आणि नेहमीसारखी गवताची एक बारीक तपकिरी काडी तरंगत वर आली. नेहमीसारखी तिनं ती बोटानं काढली, झटकली.

आणि तिचा हात तिथेच थांबला.

गार्नर असता तर त्यानं नळाचं पाणी ओतलं असतं. इव्हॉनच्या दारात टाक्या भरलेल्या, तो कशाला बर्फ वितळवत बसेल? ब्रेंट तर गावातच नव्हता. ज्यानं हे केलं त्याला पाणी स्वच्छ हवं होतं, अगदी स्वच्छ, आणि स्वच्छ पाणी म्हटल्यावर त्याच्या मनात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. गावातल्या जुन्या माणसालाच चहाचा बर्फ सुचतो. विहिरी भरायच्या तर पिंपभर बर्फ वितळवावा लागतो. त्याला मोठी चूल लागते, सकाळभर धगधगणारी. आणि पाणी इतकं ताजं होतं की ते अजून कोमट होतं.

वाफघर पेटवायचं आणि कुणालाच हाक मारायची नाही, हे कुइचुकमध्ये कधी झालं नव्हतं. आज झालं होतं. नमुने घेणाऱ्याला विहीर उपसायची सवय नाही, हे दर वेळी त्याच्या बाटल्या धरणाऱ्या माणसाला ठाऊक होतं.

चूल बंद करून ती शेजारणीला पारस्काजवळ बसवून बाहेर पडली. रडू येत होतं आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

६

निकिफर वाफघरातच होता. चूल विझत आलेली, दगड अजून ऊबदार. कोपऱ्यात मोठं पिंप, आणि पिंपाशेजारी बर्फाच्या लाद्यांचे उरलेले तुकडे. लपवायचा त्यानं प्रयत्नही केला नव्हता.

"मामा, विहिरीत पाणी तुम्ही ओतलंत?"

निकिफरनं भुवया उंचावल्या.

ओलिंका सगळं बोलायचं ठरवून आली होती, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "पाणी तरी कुठलं ओतलंत! चहाचं!"

"मग काय घाण पाणी ओतू?" निकिफर दुखावून म्हणाला. "आपल्याकडे त्याहून चांगलं पाणी कुठं आहे?"

"त्यावरनंच सापडलात तुम्ही."

तो बाकावर बसला. "तुझी आई आणि मी, आम्हाला विमानात बसवलं तेव्हा मी पारस्काएवढा होतो. पीटर, आमचा भाऊ, आमच्याहून धाकटा. पट्टा बांधताना तो लाथा झाडत होता. तिथे आमची भाषा बोललं की तोंडात साबण. पीटर परत आला तो पेटीत. काय झालं, का झालं, कुणी सांगितलं नाही. आईनं पेटी उघडू नये म्हणून खिळे मारून पाठवली होती." त्याचा आवाज चढला. "सफाई सुरू झाली तेव्हाच गार्नर म्हणाला होता, नमुने वाईट आले तर पोरं वसतिगृहात. त्या दिवशी मी ठरवलं. मी अध्यक्ष असताना या गावातनं एक पोर त्या विमानात चढणार नाही."

"म्हणून त्यांना तेलावर बसवलंत?"

"पंप चालू होते. हळूहळू तेल कमी होईल असं वाटलं. थोडा वेळ मिळाला तर..."

"तुम्ही पाणी स्वच्छ दाखवलंत म्हणूनच पंप काढून नेले, मामा! तुम्ही स्वतःच्या हातानं सफाई बंद पाडलीत!"

हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तिला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं आणि तरी तिची दया जागी झाली नाही.

"काल पारस्का ओकली हे कळल्यावरही आज सकाळी पिंप भरलंत. कसं जमलं तुम्हाला?"

"फ्लू असेल असं वाटलं," निकिफर म्हणाला. मग थांबून म्हणाला, "वाटून घेतलं."

"ते लोक असेच वागले तुमच्याशी. यांच्या भल्यासाठी आहे म्हणाले, पोरांना विचारलं नाही, आणि पेटी उघडू दिली नाही. तुम्ही झडप उघडू दिली नाहीत."

निकिफरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ओलिंका दारात उभी राहिली. तिला मोठ्यानं ओरडायचं होतं, पण ओरडण्यासारखं जे होतं ते या म्हाताऱ्यावर सगळं कसं ओरडायचं हे तिला कळेना. टाकी त्यानं गळू दिली नव्हती. विमानाची धमकी त्यानं दिली नव्हती. त्यानं फक्त त्यांचं काम सोपं केलं होतं.

"उद्या सभागृहात सांगायचं," ती म्हणाली. "तुमच्या तोंडानं. मी सांगणार नाही."

७

निकिफरनं सांगितलं. उभं राहून, टोपी काढून, काही न गाळता. सभागृहात आरडाओरडा झाला. एक आई पुढे येऊन म्हणाली, "माझ्या पोराला तू कडेवर घेऊन शाळेत सोडलंस, निकिफर." मोक्सी, ज्याला कालपर्यंत न्हाण्याचं दुःख होतं, तो खाली मान घालून बसला. विमान सोडून गावातच थांबलेला ब्रेंट उठला आणि म्हणाला की विहिरी न उपसता नमुने आपणच घेतले, अहवालाखाली सही आपली आहे. त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

टेबलावरच्या फोनमधून शाळाखात्याची बाई ऐकत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "प्रामाणिकपणाबद्दल आभार. इमारत आजपासून बंद. सोमवारी आम्ही विमान पाठवतो. लहान मुलांपासून सुरुवात करू."

"आणि तेल?" ओलिंकानं विचारलं.

"तो वेगळा विभाग आहे."

"टाकी तुमची. तेल तुमचं. झडपेवर खोकी ठेवा असं लिहून पाठवणारे तुम्ही. पंप परत कधी पाठवताय?"

"नमुने खोटे ठरल्यामुळे सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागेल. वेळ लागेल. तोवर मुलांच्या जागा राखून ठेवल्या आहेत." फोन बंद झाला.

इव्हॉननं विचारलं, "काय म्हणाली ती? जागा राखून ठेवल्यात?"

"हो," ओलिंका म्हणाली. तिच्या आवाजानं मोक्सीनं वर पाहिलं. "मग आपण त्या भरू. फावडी आणा."

सोमवारी विमान उतरलं तेव्हा सगळं गाव धावपट्टीवर होतं. पोरंही होती, आयांचे हात धरून, पण एकाच्याही पाठीवर पिशवी नव्हती. स्लेजवर मासे खारवायच्या पांढऱ्या बादल्या ओळीनं ठेवल्या होत्या, झाकणं ठोकून घट्ट बसवलेली. पायलट डेल उतरला आणि त्यानं नाक आक्रसलं.

"हे काय आहे?"

"नमुने," ब्रेंट म्हणाला. त्याच्या नखांत झडपेखालची काळी माती होती. प्रत्येक बादलीवर त्यानं नीट चिठ्ठी लावली होती, कुठून काढली, किती खोलवरून. "या वेळी मी बरोबर घेतलेत."

चिठ्ठीखाली ओलिंकानं एकेका पोराचं नाव लिहिलं होतं. डेलनं ती वाचली. तो या गावात वर्षानुवर्षं येत होता, यातल्या निम्म्या पोरांना त्यानं गोळ्या वाटल्या होत्या. त्यानं मागचं दार उघडलं.

"गळलं तर मी नोकरीला मुकेन."

"गळणार नाही. आमच्या बादल्या आहेत, खात्याच्या नाहीत," इव्हॉन म्हणाला.

बादल्या एकेक करून आत गेल्या. पोरांसाठी राखलेल्या एकेका सीटवर एकेक बादली, आणि प्रत्येकीभोवती पट्टा. पारस्कानं आपलं नाव असलेली बादली शोधली आणि खिडकीजवळ ठेवायला लावली.

"लहान मुलांबरोबर एक मोठं माणूस लागतं," डेल म्हणाला. "तशी एक सीट आहे. नियम आहे."

"मी जातो," निकिफर म्हणाला.

गावात कुणालाच त्याला विमानात चढलेलं आठवत नव्हतं. इस्पितळात जायचं तरी तो नदीनं बोटीवर जाई, नदी गोठली की स्नोमशीनवर, कितीही दिवस लागोत. आता तो शिडीवर पाय ठेवून उभा होता आणि पाय वर उचलत नव्हता. शेवटी त्यानं दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली आणि स्वतःला आत ओढून घेतलं.

"खात्याच्या कचेरीत जाऊन पाणी मी ओतलं हे त्यांच्या तोंडावर सांगतो," तो आतून म्हणाला. "मग त्यांनी काय ओतलं ते विचारतो."

त्याच्या बोटांना पट्टा लागेना. ओलिंका वर चढली, बादल्यांमधून वाट काढत त्याच्यापर्यंत गेली आणि वाकून तिनं पट्टा लावला. तिचा राग गेला नव्हता. तिनं पट्टा ओढला तो इतका की म्हाताऱ्यानं हुं केलं.

"घट्ट झाला, पोरी."

"होऊ दे." तिनं शेजारच्या बादलीचं झाकण एकदा तळहातानं दाबून पाहिलं. "आणि वाटेत उघडू नका हे. त्यांच्या टेबलावर उघडा. खिडक्या बंद करून."